मंडळाचं काम थर्ड वॉर्डात द्यायचं म्हणतोय: कुणी केलंय का?

बायूकाठचा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज स्वतः धागा काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

ह्यूस्टनला येऊन १४ वर्षं झाली. दोन वर्षांपासून इथल्या मंडळाच्या कार्यकारिणीत आहे. खुर्च्या लावणे आणि उरलेलं श्रीखंड कुणाच्या फ्रीजमध्ये जाणार ते ठरवणे, ही माझ्याकडची खाती. गेल्या वर्षी जूनटीन्थच्या (गुलामगिरी संपल्याचा सण) आठवड्यात आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पोस्टर फिरलं, ‘कृष्णवर्णीयांच्या व्यवसायांना पाठिंबा द्या’. आम्ही बारा-पंधरा जण एका रेस्टॉरंटात गेलो, वॅफल आणि तळलेले चिकन विंग्ज खाल्ले, फोटो टाकले, फोटोंना अंगठे आले. त्यानंतर आजतागायत आमच्यातलं कुणी तिकडे फिरकलेलं नाही. मीही नाही.

यंदा मुलीला शाळेसाठी सेवेचे तास भरायचे होते म्हणून तिला दोन-तीन शनिवार थर्ड वॉर्डात सोडायला गेलो. ह्यूस्टनबाहेरच्यांसाठी: डाउनटाउनच्या आग्नेयेला असलेली ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. तिथे होल्मन स्ट्रीटवर ‘प्रोजेक्ट रो हाउसेस’ आहे. एकाला लागून एक, सारखी दिसणारी पांढरी लाकडी घरं. प्रत्येकाला छोटा ओटा, आत एकामागे एक खोल्या. पुढच्या दारात उभं राहिलं की मागच्या दारातून परसातलं गवत दिसतं. काही घरांत कलाकारांची प्रदर्शनं असतात. तिकीट नाही, ‘हात लावू नका’ म्हणून अंगावर येणारं कुणी नाही. मागच्या रांगेत चक्क माणसं राहतात.

एका ओट्यावर साठीच्या एक बाई घडीच्या टेबलावर केक विकत होत्या. अॅल्युमिनियमचे ट्रे, वर फॉइल, फॉइलवर मार्करने लिहिलेला भाव. पाउंड केकचा तुकडा घेतला, बोलणं सुरू झालं. मी मोठ्या उत्साहात म्हटलं, आमचं मंडळ आहे, दिवाळीला १८०-२०० माणसं असतात, तुम्हाला ऑर्डर देता येईल. मला वाटलं बाई खूश होतील. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, ‘आगाऊ किती देता? आणि बाकीचे किती दिवसांनी?’

मला उत्तर देता आलं नाही. कारण आमचं मंडळ आगाऊ काही देत नाही. कार्यक्रम झाला की बिलं गोळा होतात, मग खजिनदारांना वेळ मिळेल तेव्हा चेक. केटरर देसी, ओळखीचा, तो थांबतो.

तर प्रश्न असा. वर्षाला आमचा खर्च गोड पदार्थ, साउंड, फोटो, टीशर्ट छपाई, स्टेजचा पडदा अशा बाबींवर होतोच. त्यातला काही भाग नेमाने या वस्तीत जावा असं वाटतं, एका आठवड्यापुरता नव्हे. कुणाच्या मंडळाने केलंय का? कुठे अडतं?

---

खवट म्हातारा

धागा आवडला नाही असं नाही, पण एक विचारतो. दुकानदाराच्या कातडीचा रंग बघून खरेदी करायची, हे आपल्याला शिकवलं होतं ते उलटं होत नाही का? मी चांगला माल आणि वाजवी भाव बघतो. आपले पटेल मोटेलवाले आले तेव्हा त्यांच्यासाठी कुणी पोस्टर फिरवलं होतं? रात्रंदिवस राबले, उभे राहिले.

(मला खवट म्हणायची गरज नाही, आयडीतच आहे.)

---

रेघ

काका, तुमच्यावर नंतर येते. आधी त्या घरांबद्दल, कारण मी ह्यूस्टनला आर्किटेक्चर शिकायला होते आणि ती घरं मी फूटपट्टीने मोजली आहेत.

त्यांना शॉटगन हाउस म्हणतात. पुढच्या दारातून गोळी झाडली तर कशालाही न लागता मागच्या दारातून निघून जाईल, म्हणून, असं सांगतात. हा घराचा नमुना पश्चिम आफ्रिकेतून हैती आणि तिथून न्यू ऑर्लिन्समार्गे आला असं अभ्यासक सांगतात. होल्मनवरची घरं १९३०च्या दशकातली, भाड्याने द्यायला बांधलेली. १९९०च्या सुमारास ती पडीक होती, पाडायच्या यादीत होती.

रिक लो हा तेव्हा तिशीतला चित्रकार. वस्तीतल्या हालअपेष्टांची मोठमोठी चित्रं काढायचा. एकदा शाळकरी मुलं त्याच्या स्टुडिओत आली. त्यातला एक मुलगा म्हणाला की आमच्याकडे काय चाललंय ते आम्हाला माहीत आहे, ते तुम्ही दाखवायला नको. तुम्ही कलाकार ना, मग काहीतरी उपाय का नाही काढत? हा किस्सा लो स्वतः सांगत आलाय. १९९३ मध्ये तो आणि आणखी सहा कृष्णवर्णीय कलाकार, असे सात जण एकत्र आले आणि दीड ब्लॉकमधली २२ घरं हातात घेतली. दुरुस्तीआधी फळ्या ठोकलेल्या दारं-खिडक्यांवरच चित्रं लावून पहिलं प्रदर्शन केलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांतून बघा म्हणून.

यात चित्रकार जॉन बिगर्सचं नाव घ्यायलाच हवं. १९४९ मध्ये टेक्सस सदर्न विद्यापीठात त्यांनी कलाविभाग सुरू केला, तोही थर्ड वॉर्डातच. ज्या घरांची सगळ्यांना लाज वाटायची तीच शॉटगन घरं त्यांनी रांगेने रंगवली, ओट्यावर उभ्या बायांसकट. लोच्या डोक्यात ती चित्रं होती.

आणि मागच्या रांगेतली माणसं म्हणजे १९९६ पासून चाललेला तरुण आयांचा कार्यक्रम. एकटी, कमी उत्पन्नाची, शिकणारी आई मुलासकट तिथे राहते आणि शिक्षण पूर्ण करते. त्यातून गेलेली एक आई पुढे समाजशास्त्रात डॉक्टरेट करून त्याच वस्तीत कामाला परत आली.

आता संस्थेकडे पाच ब्लॉकमध्ये मिळून ३९ वास्तू आहेत. लोला २०१४ मध्ये मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. तो शेजाऱ्यांबरोबर तासन्‌तास डॉमिनो खेळायचा, आणि आता त्याच डॉमिनोच्या मांडणीतून निघालेली त्याची चित्रं मोठ्या गॅलऱ्यांत लागतात. मला हे फार आवडतं.

---

बायूकाठचा

रेघ, दंडवत. मी तीन शनिवार त्या ओट्यावर बसलो आणि यातलं काही माहीत नव्हतं.

खवटकाका, रंग बघून खरेदी करायला मलाही आवडत नाही. पण रंग बघून खरेदी बंद केली गेली होती, ती कागदोपत्री आहे. १९३०च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढले आणि कर्जाला धोकादायक म्हणून वस्त्या लाल रंगवल्या. कृष्णवर्णीय वस्त्या बहुतेक लालच. लाल म्हणजे कर्ज नाही. घर नाही तर तारण नाही, तारण नाही तर धंद्याला भांडवल नाही. पुढे हायवे आले तेही याच वस्तीच्या अंगावरून. मी रोज ऑफिसला जाताना जो २८८ पकडतो त्याच्याखाली कुणाची तरी घरं होती.

---

खर्डेघाशी

मी सीपीए, म्हणजे इथला सीए, आहे, ह्यूस्टनमध्येच. भावनेचं बाकीचे बघतील, मी हिशोबाचं बोलतो.

आधी काकांचे पटेल. पोस्टर नव्हतं, खरं आहे. पण भाऊबंदांकडून बिनव्याजी उसने होते. आणि १९८२ पासून संघराज्याच्या लघुउद्योग खात्याने भारतीय वंशाच्या लोकांनाही ‘सामाजिकदृष्ट्या वंचित’ गटात धरलं, म्हणजे सरकारी कंत्राटांसाठीच्या ८(अ) योजनेत ते थेट पात्र झाले. माझ्या तीन देसी क्लायंटकडे अल्पसंख्य उद्योजकाचं प्रमाणपत्र आहे. मालकी किमान ५१ टक्के असली की मिळतं. ते फ्रेम करून रिसेप्शनला टांगलेलं आहे, आणि त्याच रिसेप्शनला बसून कृष्णवर्णीयांबद्दल ‘यांना सगळं फुकट हवं’ हे मी ऐकलेलं आहे.

आता धागाकर्त्याचा प्रश्न. कुठे अडतं ते सांगतो, माझ्या क्लायंटांच्या वह्यांवरून.

एक, आगाऊ रक्कम. २०० जणांची ऑर्डर म्हणजे लोणी, साखर, फळं, ट्रे, दोन मदतनिसांची मजुरी. हे पैसे आधी घालावे लागतात. तुमच्या देसी केटररकडे बँकेची क्रेडिट लाइन आहे, त्या बाईंकडे क्रेडिट कार्ड असेल, २४-२५ टक्के व्याजाचं. तुम्ही ६० दिवसांनी चेक दिला तर तिचा नफा बँकेने खाल्ला. म्हणून त्यांनी पहिला प्रश्न तो विचारला. निम्मे आगाऊ आणि निम्मे त्याच दिवशी हातात, एवढं केलंत तर कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त केलंत.

दोन, विमा. हॉलवाले १० लाख डॉलरच्या लायबिलिटी (दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या) विम्याचं प्रमाणपत्र मागतात, त्यावर हॉलचंही नाव घालून. घरून काम करणाऱ्याकडे ते नसतं आणि गोष्ट तिथेच संपते. उपाय सोपा आहे. मंडळ एका दिवसाची इव्हेंट पॉलिसी काढतंच, त्यात विक्रेत्यांना सामावून घेता येतं का ते एजंटला विचारा. थोडे पैसे जास्त पडतील.

तीन, परवाना. टेक्ससमध्ये कॉटेज फूड कायद्याखाली घरच्या भट्टीत भाजलेले बरेच पदार्थ विकता येतात. पण हॉलचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो. आधी विचारा, नाहीतर कार्यक्रमाच्या दिवशी मागच्या दाराशी ट्रे घेऊन भांडत बसाल. बसलोय मी.

अवांतर: थर्ड वॉर्डात युनिटी नावाची बँक आहे, कृष्णवर्णीयांच्या मालकीची. मंडळाची ठेव तिथे ठेवता येईल. बँकेवरून आठवलं. गुलामगिरी संपली त्याच वर्षी, १८६५ मध्ये, मुक्त झालेल्यांसाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक निघाली होती. ती १८७४ मध्ये बुडाली. ६१ हजार ठेवीदार, जवळजवळ ३० लाख डॉलर. शेवटचे अध्यक्ष फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामगिरीतून सुटलेले नेते, त्यांनी स्वतःचे १० हजार घातले तरी वाचली नाही. पतपेढी बुडाली की गावात काय होतं हे आपल्याला सांगायला नको. त्यांच्या आजी-पणज्यांनी पैसे गादीखाली ठेवले त्याला कारण होतं.

---

चकलीचा सोऱ्या

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, वही घेऊन बसावं लागलं. +१ खर्डेघाशी.

---

सरोवरकाठी

शिकागोहून. आमच्याकडच्या दक्षिण भागातली एक गोष्ट सांगते, कारण तिथे कलेनेच इमारत उभी केली.

स्टोनी आयलंड अव्हेन्यूवर १९२३ ची एक बँकेची इमारत होती. दगडी खांब, मोठा हॉल. १९८०च्या दशकापासून बंद, छतातून पाणी गळतंय, पाडायची वेळ आलेली. थिएस्टर गेट्स या कलाकाराने ती शहराकडून १ डॉलरला घेतली. दुरुस्तीला लाखो डॉलर लागणार, ते कुठून आणणार? पठ्ठ्याने त्याच बँकेतल्या संगमरवराचे तुकडे कापले, त्यावर ‘बँक बाँड’सारखी अक्षरं कोरली आणि ५,००० डॉलरला एक असे स्वित्झर्लंडच्या कलाबाजारात विकले. जिथे बँकांनी अशा वस्त्यांना कर्ज नाकारलं, तिथल्या बँकेच्या स्वच्छतागृहातल्या संगमरवराचे रोखे करून श्रीमंतांना विकले. हसावं की सलाम करावा कळत नाही.

२०१५ मध्ये स्टोनी आयलंड आर्ट्स बँक म्हणून ती उघडली. ‘एबनी’ आणि ‘जेट’ मासिकं काढणाऱ्या जॉन्सन पब्लिशिंगचा ग्रंथसंग्रह तिथे आहे, हाउस म्युझिक या नाचाच्या संगीताचा आद्य डीजे फ्रँकी नकल्सच्या तबकड्याही. मी गेले तेव्हा एक आजोबा १९६०च्या दशकातल्या जुन्या अंकात स्वतःच्या गल्लीतल्या न्हाव्याच्या दुकानाची जाहिरात शोधत होते.

याच्याही आधीचं साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर. १९४० चं, मंदीतल्या सरकारी कलायोजनेतून निघालेलं. इमारत घेण्यासाठी वस्तीतल्या लोकांनी पैसे गोळा केले, १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट उद्घाटनाला आल्या होत्या. त्या योजनेतून देशभर शंभरावर केंद्रं निघाली होती. बहुतेक बंद पडली, हे चालू आहे. माझ्या मते कारण एकच, इमारत त्यांची स्वतःची होती.

---

तिसरी घंटा

पुण्याहून लिहितोय, त्यामुळे विषयाशी थेट संबंध नाही. पण महाराष्ट्राचा या गोष्टीशी संबंध जुना आहे हे नोंदवावंसं वाटतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सत्पुरुषांना अर्पण केली. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊन.

---

खवट म्हातारा

झालं. अमेरिकेवर धागा निघाला की तिसऱ्या-चौथ्या पानावर अर्पणपत्रिका येतेच. अहो, अर्पणपत्रिकेने त्या बाईंचा केक विकला जाणार आहे का?

---

तिसरी घंटा

काका, टोला मान्य. मग हिशोबाचंच बोलतो. २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित उद्योजकांची चेंबर, डिक्की, काढली. केंद्र सरकारच्या २०१२च्या खरेदी धोरणात खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करावी असं आहे. त्यात काम करणाऱ्या कुणाही लहान पुरवठादाराला विचारा. ऑर्डर मिळण्यापेक्षा बिल निघणं अवघड, हेच ऐकायला मिळेल. माझा मामेभाऊ एका सरकारी कारखान्याला रबराचे भाग पुरवायचा. पहिल्या ऑर्डरचे पेढे वाटले, तिसऱ्या ऑर्डरला मशीन विकलं. बिलं तिन्ही वेळा मंजूर होती. तेव्हा त्या केकवाल्या बाईंचा प्रश्न मला सातासमुद्रापलीकडचा वाटला नाही.

---

पीचट्री

अटलांटा. आमच्याकडचं सरकारी खरेदीचं उदाहरण यापेक्षा बरं आहे. मेनार्ड जॅक्सन १९७३ मध्ये शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आले. नवा विमानतळ बांधायचा होता. ते अडूनच बसले की कामातला २५ टक्के वाटा अल्पसंख्यांच्या कंपन्यांना मिळाल्याशिवाय काम सुरू होणार नाही. व्यापारी, बँका, वर्तमानपत्रं सगळे अंगावर आले. तरी झालं, आणि टर्मिनल १९८० मध्ये उघडलं. अटलांटात आज जो कृष्णवर्णीय धनिक वर्ग दिसतो त्याच्या मुळाशी ती कंत्राटं आहेत.

पण वारा फिरलाय हेही लिहितो. इथल्या फियरलेस फंड या गुंतवणूक संस्थेची एक योजना होती, कृष्णवर्णीय स्त्रियांच्या छोट्या धंद्यांना २० हजार डॉलरचं अनुदान. २०२३ मध्ये त्यावर खटला झाला. आधार कुठला, तर १८६६ चा नागरी हक्क कायदा, जो नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना करार करता यावेत म्हणून केला होता! जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने योजनेला स्थगिती दिली, सप्टेंबरात तडजोड होऊन ती कायमची बंद झाली. खर्डेघाशी म्हणतात त्या ८(अ) योजनेतलं वंशावरून वंचित गृहीत धरणंही २०२३ मध्येच टेनेसीतल्या कोर्टाने थांबवलं.

त्यामुळे अनुदान, राखीव कोटा वगैरे भाषा मंडळाच्या ठरावात लिहू नका. ‘होल्मन स्ट्रीटच्या परिसरातले विक्रेते’ असं लिहा किंवा काहीच लिहू नका, नुसती ऑर्डर द्या. केक कुणाकडून घ्यायचा याला कुणी कोर्टात जात नाही.

---

लाजाळू

पहिल्यांदाच लिहितेय. ऑर्डर द्या, नक्की द्या. पण आपल्या बैठकांमध्ये, पत्ते खेळताना, त्यांच्यासाठी जो शब्द सर्रास वापरला जातो तो त्या दिवशी हॉलमध्ये कुणी वापरणार नाही याची व्यवस्था काय? आमच्या शहरातल्या एका कार्यक्रमात साउंडवाला कृष्णवर्णीय होता. आपल्यातल्या एका काकांनी त्याच्यासमोरच, मराठीत म्हणून, तो शब्द म्हटला. त्या माणसाला शब्द कळला. पंधरा वर्षं देसी लग्नं करत होता तो. काही बोलला नाही, केबल गुंडाळत राहिला. पुढच्या वर्षी त्याने तारीख दिली नाही.

---

बायूकाठचा

लाजाळू, यावर काय लिहावं कळत नाहीये. व्यवस्था काहीच नाही, खरं उत्तर हेच आहे. पुढच्या बैठकीत हा प्रतिसाद वाचून दाखवतो. नाव-गाव नसल्याने तुमची हरकत नसावी.

---

खवट म्हातारा

मी त्या पत्त्यांच्या बैठकांना असतो. एवढंच लिहितो.

---

ढोलगजर

कल्पना आहे! टेक्सस सदर्नचा ‘ओशन ऑफ सोल’ बँड ऐकलाय का कुणी? त्यांची ड्रमलाइन (बँडमधले ढोलवाले) आणि आपलं ढोल-ताशा पथक एकत्र, दिवाळीला! त्यांनाही आपल्या लोकांसमोर यायची संधी मिळेल.

---

रेघ

कल्पना झकास, शेवटचं वाक्य गाळा. ‘संधी मिळेल’ म्हणजे फुकट का? आपल्याकडे शाल-श्रीफळ देऊन कलाकाराची बोळवण करायची जी पद्धत आहे ती तिथे नेऊ नका. मानधन किती ते पहिल्या ईमेलमध्ये लिहा. आणि अर्ध्या स्टेडियमला ऐकू जाणारी मंडळी आहेत ती, तुमच्या हॉलच्या काचा तपासा.

कलेचंच चाललंय तर एल्डोराडो बॉलरूमबद्दलही लिहून टाकते. इमॅन्सिपेशन पार्कच्या समोर. पार्कची गोष्ट अशी की १८७२ मध्ये, गुलामगिरीतून सुटून जेमतेम सात वर्षं झालेली असताना, पाद्री जॅक येट्स आणि इतरांनी चर्चमधून वर्गणी काढून जूनटीन्थ साजरा करायला जमीन विकत घेतली. वर्गणी! सण साजरा करायला आधी जागा विकत घ्यावी लागली. टेक्ससमध्ये गुलामगिरी संपल्याचा हुकूम गॅल्व्हस्टनला वाचला गेला तो १९ जून १८६५ ला. देशाची सुट्टी व्हायला २०२१ उजाडलं.

तर बॉलरूम. १९३९ मध्ये अॅना ड्युप्री या ब्यूटी पार्लर चालवून पैसा कमावलेल्या बाईंनी नवऱ्याबरोबर उभं केलं. कारण कृष्णवर्णीयांना चांगले कपडे करून नाचायला जाण्यासारखी जागा नव्हती. रे चार्ल्स, बी. बी. किंग, एटा जेम्स तिथे गाऊन गेले. सत्तरच्या दशकात बंद पडलं. १९९९ मध्ये इमारत प्रोजेक्ट रो हाउसेसला दान मिळाली, मग जवळजवळ ९७ लाख डॉलर खर्चून दुरुस्ती, आणि २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. वर नाचायचा हॉल, खाली दुकानांचे गाळे. बायूकाठचा, तुमच्या मंडळाची नाट्यसंगीताची बैठक तिथे करा ना. हॉलचं भाडंही त्याच वस्तीत जाईल.

---

खर्डेघाशी

रेघ यांनी मुद्द्याला हात घातला. आपण केकचं बोलतोय, पण खरा खेळ गाळ्याच्या मालकीचा आहे. थर्ड वॉर्डात फेरफटका मारा, जुन्या घरांमधून तीन-तीन मजली टाउनहाउस उगवलेत. टेक्सस राज्याचा स्वतःचा आयकर नाही, त्यामुळे मालमत्ता कर भरमसाट. शेजारी टाउनहाउस आलं की जमिनीची किंमत वाढली, आजींचा कर वाढला, आजी विकून गेल्या. धंदा भाड्याच्या जागेत असेल तर तीच गत. वस्ती ‘कलात्मक’ झाली की भाडं चढतं. म्हणजे कलाकारांनी ओटे रंगवायचे आणि फायदा बिल्डरने घ्यायचा. रो हाउसेसवाल्यांना हे लवकर कळलं, म्हणून त्यांनी २००३ मध्ये परवडणाऱ्या घरांसाठी वेगळी संस्था काढली. हे मंडळाच्या आवाक्यातलं नाही, मान्य. पण ज्याचा गाळा संस्थेकडून वाजवी भाड्यात आहे त्याच्याकडे ऑर्डर दिली तर तो पुढच्या वर्षीही तिथेच सापडेल, एवढं नक्की.

---

संपादक मंडळ

एक प्रतिसाद अप्रकाशित केला आहे. चर्चा चांगली चालू आहे, तशीच राहू द्या.

---

बायूकाठचा

धागा वर काढतोय. दिवाळी झाली, वृत्तांत देणं लागतो.

बैठकीत तासभर वाद झाला. आगाऊ रक्कम द्यायला खजिनदार तयार नव्हते. ‘आपण कधीच देत नाही’ हे एकच वाक्य वेगवेगळ्या सुरात. शेवटी खवटकाकांनी (हो, ते आमच्याच मंडळाचे निघाले. धाग्यावर भांडलो आणि पार्किंगमध्ये ओळख पटली) खिशातून चेकबुक काढलं आणि म्हणाले, मी भरतो, मंडळ मला ६० दिवसांनी द्या. खजिनदारांनी त्यानंतर मुकाट्याने मंडळाचा चेक लिहिला. लाजाळू यांचा प्रतिसाद मी वाचून दाखवला. कुणी काही बोललं नाही. दोघे जण पाणी प्यायला उठले.

मग अंड्याचा प्रश्न आला. पाउंड केकमध्ये अंडी असतात, आणि आमच्याकडे निम्मी ज्येष्ठ मंडळी न खाणारी. बाईंना भीत भीत सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पीच कॉब्लर (पीचच्या फोडींवर पीठ घालून भाजलेला गोड पदार्थ) घ्या, माझ्या आजीच्या कॉब्लरमध्ये अंडं नाही. पाच मोठे ट्रे ठरले. इव्हेंट पॉलिसीत त्यांचं नाव घालायला एजंटने थोडे जास्त घेतले, पण घातलं. खर्डेघाशी, तुमच्या नावाने एक ट्रे लिहून ठेवला होता, तुम्ही आला नाहीत.

टीशर्ट थर्ड वॉर्डातल्याच एका छपाईवाल्याकडून केले. त्याने देवनागरी कधी छापली नव्हती. पहिल्या नमुन्यात ‘दिपावली’ आली. ही चूक त्याची नाही, आमच्या सांस्कृतिक सचिवांनीच तशी पाठवली होती. दुरुस्त केली, ४० शर्ट आधीच झाले होते, ते समितीने घालायचे ठरले. मी आत्ता तोच घालून बसलोय.

ड्रमलाइन जमली नाही, त्यांचा त्या आठवड्यात फुटबॉलचा सामना होता. एल्डोराडोचा दर मागवलाय.

कॉब्लर साडेआठला संपला. माझ्या सासूबाईंनी वाटीत श्रीखंड आणि वर गरम कॉब्लर असा प्रकार केला, त्याची मग रांग लागली. बाई कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनीही एक वाटी मागून घेतली, खाल्ली, आणि वेलदोडा कुठला वापरता म्हणून सासूबाईंना विचारत बसल्या. राहिलेला चेक मी तिथेच दिला. त्यांनी तारीख वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवला.

निघताना गुढीपाडव्याचं विचारलं, १५० माणसं धरून. त्या म्हणाल्या, तारीख सांगा. मी म्हटलं, मार्च किंवा एप्रिल, दरवर्षी बदलते. म्हणाल्या, ईस्टरसारखंच की. मग आत्ताच बघून सांगा, कारण ईस्टरच्या आठवड्यात मी कुणाचंच काम घेत नाही.

कुणाकडे पुढच्या वर्षीचं कालनिर्णय आलंय का?